वारज्याच्या बेकरीतील बारा छायाचित्रे

आपल्या पुष्कळशा कॅथलिक घरांत जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर एक चित्र असते. लिओनार्दो दा विंचीच्या शेवटच्या भोजनाची ती प्रतिकृती असते. प्रभूचा शांत चेहरा, शेजारी कललेला योहान, यहुदाच्या मुठीतली थैली, हे सारे आपल्याला लहानपणापासून पाठ असते. पण त्या टेबलावर खायला काय काय मांडले आहे, असे कोणी विचारले तर आपण बहुधा गोंधळून जाऊ. मिलान येथील मूळ भित्तिचित्राच्या दुरुस्तीचे काम १९७८ ते १९९९ अशी एकवीस वर्षे चालले. ते पुरे झाल्यावर टेबलावरचे लहान गोल पाव, पेल्यांतला द्राक्षारस आणि ताटांतले मासे पुन्हा उजळून दिसू लागले. पिढ्यान्‌पिढ्या आपण अन्नाच्या एका थोर चित्राखाली बसून जेवत आलो आणि त्यातले अन्न तेवढे पाहायचे राहून गेले!

हे आठवण्याचे निमित्त वारज्यातील एका लहानशा बेकरीने पुरविले. वारजे हे एके काळचे मुठाकाठचे शेतीचे गाव. आज महामार्गाच्या दोन्ही अंगांना उंच इमारतींची दाटी झाली आहे. माळवाडीच्या बाजूच्या एका गल्लीत ही बेकरी आहे. दर्शनी भागात काचेच्या बरण्या, त्यांत खारी, टोस्ट, बटर आणि नानकटाई. फळीवर पावाच्या लाद्या. एका कोपऱ्यात चहाची शेगडी व उभ्याने चहा घेणाऱ्यांसाठी अरुंद ओटा. आणि मागे, पडद्याआड, भट्टी. या दुकानाच्या भिंतीवर सध्या एक दोरी ताणून तिला कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांनी बारा छायाचित्रे लावलेली आहेत. आमच्या परिचयाच्या एका तरुणाने ती काढली आहेत. कचेरीतील नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांपैकी तो आहे.

मालकांची गरज साधी होती. आसपास चकचकीत काचांची केकची दुकाने निघाली. घरपोच माल मागविण्याची सोय मोबाइलवर आली आणि तेथे ज्या पदार्थाचे चित्र नाही, त्याच्याकडे गिऱ्हाईक वळून पाहत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. दुकानाच्या पाटीवर तोवर कोणत्या तरी परदेशी पावाचे चित्र होते. पाटी करणाऱ्याने ते आपल्या साठ्यातून घेतले होते. तसला पाव त्या भट्टीतून कधीही निघालेला नव्हता. तेव्हा ही छायाचित्रे केवळ हौसेची नव्हेत. एका कुटुंबाची आणि तीन-चार कामगारांची रोजीरोटी त्यांच्याशी बांधलेली आहे. म्हणूनच 'छान आहेत' एवढे बोलून पुढे जाणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. ज्याच्यावर कोणाचे पोट अवलंबून आहे, त्याची पारख अधिक काळजीने व्हायला हवी.

या बारांपैकी पहिली पाच छायाचित्रे आम्हाला निराश करून गेली. कॉफीचा मग अगदी वरून टिपलेला, भोवती कॉफीच्या बिया विखुरलेल्या; बिस्किटांची चळत सुतळीने बांधून गोणपाटाच्या तुकड्यावर ठेवलेली; केकच्या तुकड्याशेजारी दालचिनीच्या काड्या आणि पुदिन्याचे पान. चित्रे स्वच्छ आहेत, रंग डोळ्यांत भरणारे आहेत, आणि तरीही ती वारज्याची नाहीत. ती कोठलीच नाहीत. त्या बेकरीत दालचिनी कोणत्याही पदार्थात पडत नाही. बिस्किटे कोणी सुतळीने बांधून देत नाही, कागदी पुड्यात किंवा पिशवीत देतात. जगभरच्या असंख्य छायाचित्रांत पाहिलेली ही सजावट आहे, आणि ती पाहून पाहूनच अन्न असे दिसले म्हणजे चांगले दिसले, अशी आपल्या सर्वांची समजूत झाली आहे. पाटीवरचा परदेशी पाव काढावा म्हणून ही खटपट सुरू झाली. तोच पाव या पाच छायाचित्रांतून मागच्या दाराने पुन्हा आत आला.

आम्ही हे त्या तरुणाला बोलून दाखविले तेव्हा त्याने दिलेले उत्तर विचार करण्याजोगे होते. तो म्हणाला, "जसे आहे तसे काढले तर ते तसे दिसतच नाही." आणि हे खरे आहे. दुकानात दारातून दिवसाचा उजेड येतो आणि छताला ट्यूब असते. आपला डोळा या दोन उजेडांतला फरक आपोआप सावरून घेतो. कॅमेऱ्याला तो नीट सावरता येत नाही. परिणामी पावाची तांबूस पाठ करडी दिसते आणि चहा गढूळ पाण्यासारखा. म्हणजे काहीही न करता काढलेले छायाचित्र सत्य असते, ही आपली भोळी कल्पना आहे. ट्यूब बंद करणे, टेबल दाराजवळ ओढणे, एका बाजूने येणारा उजेड पदार्थावर पडू देणे, सावलीच्या अंगाला एक पांढरा कागद उभा करणे, ही लबाडी नव्हे. डोळ्याला जे दिसले होते ते कागदावर परत आणण्याचे ते कष्ट आहेत.

मग लबाडी कोठे सुरू होते? जाहिरातीच्या धंद्यात थंड पेयाच्या ग्लासावर ग्लिसरीनचे थेंब उडवितात, बर्फाऐवजी प्लास्टिकचे न वितळणारे खडे टाकतात, आइस्क्रीमच्या जागी उकडलेल्या बटाट्याचा लगदा मांडतात. अमेरिकेतील कॅम्पबेल या प्रसिद्ध सूप कंपनीचे प्रकरण या बाबतीत बोधप्रद आहे. सूपमधील भाज्यांचे तुकडे तळाशी बसतात व चित्रात दिसत नाहीत, म्हणून जाहिरातीसाठी वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या घालण्यात आल्या. भाज्या वर आल्या आणि वाडगा गच्च भरल्यासारखा दिसू लागला. तेथील व्यापार आयोगाने याला हरकत घेतली आणि १९७० मध्ये कंपनीला असे न करण्याचे बंधन मान्य करावे लागले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, वाडग्यातल्या भाज्या खऱ्या होत्या आणि सूपही खरे होते. खोटे होते ते फक्त माप. विकत घेणाऱ्याला जेवढे मिळणार त्याहून अधिक मिळेल असे चित्र सांगत होते. आमच्या मते हीच मर्यादारेषा आहे. जे आहे ते दिसावे म्हणून मांडणी करणे योग्य. जे नाही ते आहे असे भासावे म्हणून मांडणी करणे अयोग्य. गोट्या घालणे आणि दालचिनी ठेवणे यांत अंतर आहे, पण जात एकच आहे.

मांडणीविषयी आपल्या मनात उगाच संशय राहू नये म्हणून आणखी एक उदाहरण देतो. एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध मनुष्य टेबलाशी कपाळाला हात जोडून बसला आहे. पुढ्यात पावाचा एक लोफ, सुरी, एक वाडगा, आणि जाड पुस्तकावर चष्मा ठेवलेला. हे चित्र अनेक देशांतील ख्रिस्ती घरांतून लागले आहे. ते एरिक एन्स्ट्रॉम नावाच्या छायाचित्रकाराने १९१८ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या बोवी या लहान गावी काढले, आणि २००२ मध्ये त्या राज्याने त्याला आपले अधिकृत छायाचित्र म्हणून मान दिला. तो वृद्ध दारोदार किरकोळ वस्तू विकणारा फेरीवाला होता. छायाचित्रकाराने त्याला बसविले, पाव मांडला, हात जोडायला सांगितले. जाड पुस्तकाला पाहणारे बायबल समजतात. तो शब्दकोश होता, असे सांगतात. इतकी मांडणी असूनही हे चित्र खोटे वाटत नाही. कारण त्यातली गरिबी मांडलेली नाही, तो पाव त्या टेबलाला शोभणारा आहे, आणि त्या हातांना कामाची सवय आहे हे हातांवरूनच कळते. मांडणीने तेथे काही वाढविले नाही. जे होते त्याच्याकडे आपले लक्ष वळविले एवढेच.

या कसोटीवर आमच्या तरुण मित्राची पुढची छायाचित्रे लावून पाहिली असता चित्र पालटते. सहावे, थंड कॉफीचे, अजून त्या सजावटीच्या सावलीत आहे. फेस कृत्रिम वाटावा इतका उंच आहे. सातवे मात्र चहाचे आहे आणि ते अस्सल आहे. ओट्यावर काचेचा लहान ग्लास, शेजारी मस्का लावलेला बन. मागे पडद्याचा अंधार आणि मागच्याच बाजूने तिरका उजेड, म्हणून वाफेची एक वळणदार रेघ दिसते. वाफ दिसायला मागे काळोख हवा आणि उजेड मागूनच यायला हवा, हे ज्ञान पुस्तकातले. पण चहावर साय धरू लागण्याच्या आतला क्षण पकडणे हे दुकानात तासन्‌तास उभे राहिल्याशिवाय साधत नाही. ग्लासाच्या कडेवर चहाचा एक ओघळ आहे. पहिल्या पाच चित्रांत तो पुसून टाकला गेला असता. येथे तो राहू दिला आहे, आणि त्यामुळेच हा चहा कोणीतरी घाईत, दुसऱ्या कोणासाठी तरी, ओतला हे कळते.

आठवे छायाचित्र खारीचे आहे. पाच-सहा अखंड खाऱ्या आणि पुढे एक मोडलेली. मैद्यात तूप थापून घड्यांवर घड्या घातल्या, की भट्टीच्या धगीने कणकेतल्या पाण्याची वाफ होते व ती एकेक पापुद्रा उचलते. हे सारे खारीच्या पोटात घडते. बाहेरून ती एक तपकिरी लाकडी ठोकळी. तेव्हा अखंड खारीचे कितीही सुंदर छायाचित्र काढले तरी ते खारीविषयी काहीच सांगत नाही. ती मोडावी लागते. मोडल्यावर चुरा पडतो, आणि तो चुराही या चित्रात आहे. येथे आम्हाला वाटले, की छायाचित्रकाराला आपला विषय सापडला.

नवव्या छायाचित्रातल्या बरण्यांच्या रांगेविषयी फार सांगण्यासारखे नाही. दहावे मात्र या संग्रहाचा प्राण आहे. ते पावाच्या एका लादीचे आहे. नुकतीच भट्टीतून निघालेली लादी काळ्या पत्र्यावर आहे. बाजूने उजेड पडल्यामुळे प्रत्येक पावाच्या गोलाईला स्वतःची सावली मिळाली आहे. एका टोकाचा पाव ओढून वेगळा केला आहे, आणि जेथून तो तुटला तेथे पांढरे, लोकरीसारखे तंतू निघाले आहेत. लादीतील पाव एकमेकांना चिकटून भाजले जातात म्हणूनच त्यांच्या कडा मऊ राहतात. एकटा भाजलेला पाव सगळीकडून कडक होतो. लादीतला पाव तोडल्यावाचून कोणाला देता येत नाही. या लादीचा डावीकडचा मागचा कोपरा मात्र इतरांहून बराच काळसर आहे.

तो काळसर कोपरा पाहून आम्ही मनात दोष नोंदविला होता. नंतर तो आम्हाला काढून टाकावा लागला. हकिगत अशी. भट्टीवर रात्रपाळी करणारा कामगार उत्तर प्रदेशातून आलेला आहे. दोरीवर चित्रे लागली त्या सकाळी तो काम आटोपून बाहेर आला, सारी चित्रे पाहिली आणि या एका चित्रापुढे थांबून म्हणाला, "ही माझी लादी." सगळ्या लाद्या सारख्याच नसतात काय, असे विचारल्यावर त्याने काळसर कोपऱ्यावर बोट ठेवले. भट्टीची डावीकडची मागची बाजू अधिक तापते. तो लादी अर्ध्या वेळेनंतर फिरवून घेतो, पण त्या रात्री पीठ उशिरा फुगले, घाई झाली आणि फिरवायचे राहिले. मग त्याने त्या छायाचित्राची एक प्रत मागून घेतली. स्वतःचा फोटो काढून देऊ का, असे आमच्या मित्राने विचारले. तो नको म्हणाला. गावी आईला पाठवायचे होते. मुलगा पुण्यात काय करतो हे तिने ऐकले होते, पाहिले नव्हते. पाव इतक्या दूर पोचेपर्यंत वाळून जातो; चित्र पोचते.

अन्नाच्या छायाचित्राची याहून कडक परीक्षा आम्हाला ठाऊक नाही. ज्याने ते अन्न केले त्याला ते आपले म्हणून ओळखता आले पाहिजे. पहिल्या पाच चित्रांपुढे त्या बेकरीतील कोणीही असे थांबले नाही. थांबण्याजोगे त्यांत काही नव्हते. उणिवेची प्रत्येक खूण पुसली की करणाऱ्याची खूणही पुसली जाते. पुणे लष्कर भागातील कयानी बेकरीचेच पाहा. १९५५ पासून चालत आलेल्या या बेकरीच्या श्रूजबेरी बिस्किटासाठी लोक रांगा लावतात. पण ते बिस्किट दिसायला किती साधे, फिकट, गोल! त्याला कोणतीही सजावट केली तर ते दुसरेच काहीतरी दिसू लागेल.

ओळखण्याचा विषय निघाला की आपल्या वाचकांना अम्माऊसची वाट आठवल्याशिवाय राहणार नाही. वाटेत सोबत चालणारा कोण हे त्या दोघा शिष्यांना त्याच्या बोलण्यावरून कळले नाही. टेबलाशी त्याने भाकर मोडली तेव्हा कळले, असे लूक सांगतो. काराव्हाज्यो या इटालियन चित्रकाराने हा प्रसंग दोनदा रंगविला. लंडनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयातील १६०१ च्या चित्रात टेबलाच्या कडेवर फळांनी ओसंडणारी टोपली आहे, इतकी हुबेहूब, की ती आता पडेल असे वाटून नजर तिच्याकडेच जाते. पाच वर्षांनी, १६०६ मध्ये, त्याने तोच प्रसंग पुन्हा घेतला. ते चित्र मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात आहे. त्यात फळांची टोपली नाही. उजेड मंद आहे, टेबलावर पाव आहे आणि थोडेसे काही. सराईवाल्याच्या शेजारी आता एक वृद्ध सेविकाही उभी आहे. आमच्या मित्राच्या पहिल्या पाच छायाचित्रांपासून दहाव्यापर्यंतचा प्रवास त्याच दिशेचा आहे, असे म्हणणे म्हणजे त्याची थोरांशी बरोबरी करणे नव्हे. टोपली काढून घेण्याचे धैर्य लहान कामातही लागते, एवढेच आमचे म्हणणे.

मात्र त्या सेविकेमुळे एक उणीव डोळ्यांत भरते. अकरावे छायाचित्र भट्टीच्या तोंडाचे आहे. आतला लालसर उजेड, लांब दांड्याची लाकडी फळी, पण माणूस नाही. बाराही छायाचित्रांत मिळून माणसाचा हात एकदाही आलेला नाही. अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात व्हर्मीर या डच चित्रकाराचे, सुमारे १६५८ चे, दूध ओतणाऱ्या स्त्रीचे चित्र आहे. पावाच्या कवचावर उजेडाचे बारीक ठिपके देऊन त्याने तो असा रंगविला आहे, की हाताला खरखरीत लागावा. त्या चित्रात टोपलीतल्या पावाशेजारी पावाचे मोडलेले तुकडेही आहेत. आणि बाह्या वर सारलेली ती स्त्री आहे, जिच्यावाचून ते दूध भांड्यात पडणार नाही. चित्रकाराने पाव आणि माणूस यांत निवड केली नाही. आमच्या मित्राने ती केली आहे, कदाचित संकोचाने. त्या कामगाराने स्वतःचा फोटो नको म्हटले हे आम्ही विसरलो नाही, आणि चेहरा दाखविलाच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. पण लादी तोडणारा एक हात तरी यायला हवा होता.

बाराव्या छायाचित्राने ही उणीव काही अंशी भरून काढली आहे. नाताळच्या आदल्या आठवड्यातले ते चित्र. घरी ओव्हन नसलेली कुटुंबे केकचे मिश्रण डब्यांत भरून भाजायला आणून देतात, जशी दिवाळीत शेजारणी रवा-मैदा आणि तूप घेऊन नानकटाईसाठी येतात. अॅल्युमिनियमचे पंधरा-वीस डबे जमिनीवर रांगेने ठेवले आहेत. काही ठोकलेले, काही नवे, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी चिकटविलेली. नावे वाचता येत नाहीत, आणि ते बरे झाले. मिश्रण कच्चे आहे. खाण्यासारखे अजून काहीच तयार नाही. तरीही इतकी भूक आणि इतकी वाट पाहणे त्या चित्रात आहे, की ते पाहताना आम्हाला पहिल्या पाचही केक-कॉफ्यांचा विसर पडला.

जेवणाआधी फोटो काढणाऱ्या तरुण पिढीविषयी धर्मग्रामात पुष्कळ तक्रारी ऐकू येतात. आम्हाला त्यांत सूर मिसळावासा वाटत नाही. अन्नाकडे क्षणभर थांबून पाहणे ही वाईट सवय नव्हे. आपण कृतज्ञतेची प्रार्थना म्हणतो तेव्हा तेच करीत असतो. प्रश्न एवढाच, की त्या क्षणात आपण अन्न पाहतो की त्याची सजावट.

मालकांनी मोबाइलवरच्या दुकानासाठी तूर्त केकच्या तुकड्याचे, दालचिनीवाले छायाचित्र दिले आहे. त्यांना आम्ही दोष देत नाही. धंदा त्यांना करायचा आहे. नव्या पाटीवर कोणते चित्र घ्यावे हे अजून ठरायचे आहे. आमचे मत त्यांनी विचारले, म्हणून येथेही नोंदवितो: दहावे घ्यावे, आणि काळसर कोपरा कापू नये. त्या गल्लीतून जाणाऱ्याला पाटीवर जे दिसेल तेच आत फळीवर मिळेल. ज्यांना ही छायाचित्रे पाहायची असतील त्यांनी सकाळी लवकर जावे. चित्रे दिवसभर तेथेच असतात. लाद्या नऊ वाजेपर्यंत संपतात.